'आय हॅड चेंज्ड द सेटिंग': 'हॅव' या क्रियापदाचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या बाई एका सॉफ्टवेअर सेवेच्या ग्राहक-मदत विभागात काम करतात. ग्राहक बहुतेक परदेशातले आणि सगळा व्यवहार लेखी इंग्रजीत. बाईंचं शालेय शिक्षण मराठी माध्यमातलं, पुढचं सगळं इंग्रजीत. व्याकरण कच्चं म्हणावं असं काही नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी काळांचा तक्ता न अडखळता वहीत काढून दाखवला, उदाहरणांसकट. 'हॅव', 'हॅज', 'हॅड' कुठे लागतात हे विचारलं तर उत्तर बरोबर यायचं. लिहायला बसल्या की मात्र चुकायचं.

वरिष्ठांनी त्यांना माझ्याकडे पाठवताना एवढंच सांगितलं होतं की इंग्रजी 'जरा सुधारून द्या'. ओळख पटू नये म्हणून कामाचे काही तपशील इथे बदलले आहेत. वाक्यं बाईंचीच आहेत आणि त्यांच्या परवानगीने दिली आहेत.

अडचण

एका ग्राहकाला लॉगिन होत नव्हतं. बाईंनी त्याच्या खात्यातलं एक सेटिंग बदललं, स्वतः तपासलं, लॉगिन व्हायला लागलं. दुसऱ्या दिवशी ग्राहकाने विचारलं, नेमकं काय केलंत? त्यांनी लिहिलं: 'आय हॅड चेंज्ड द सेटिंग यस्टरडे.'

मनातलं मराठी वाक्य अगदी सरळ होतं. 'मी काल सेटिंग बदललं होतं.' कालचं काम, झालं, संपलं. ग्राहकाने मात्र उलट विचारलं: मग नंतर काय झालं? ते पूर्ववत कोणी केलं? हा प्रश्न रात्रपाळीतल्या सहकाऱ्याच्या हाती पडला. त्यानेही वरचं वाक्य वाचून तोच अर्थ घेतला, की बदल टिकलेला नाही, आणि घाईत ते बटण पुन्हा दाबलं. बटण चालू-बंद प्रकारचं होतं. चालू होतं ते बंद झालं आणि ग्राहकाचं लॉगिन पुन्हा अडलं. मग तक्रार वर गेली.

बाईंना हे फार लागलं. 'मॅडम, मी काम नीट केलं होतं हो,' त्या म्हणाल्या. आणि या वाक्यातही तेच 'होतं' होतं. मी ते त्याच वेळी पकडायला हवं होतं. पकडलं नाही.

इंग्रजी वाचकाला त्या वाक्यात काय दिसलं? 'हॅड चेंज्ड' हे रूप एकटं उभं राहत नाही, ते भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या क्षणाला टेकून असतं. हान्स रायशेनबाख या तत्त्वज्ञाने 1947 साली काळांची जी मांडणी केली ती इथे फार उपयोगी पडते. त्याने प्रत्येक वाक्यात वेळेचे तीन बिंदू धरले: बोलण्याची वेळ, घटना घडली ती वेळ, आणि जिथे उभं राहून आपण घटनेकडे पाहतो ती वेळ. 'हॅड चेंज्ड' मध्ये ही तिसरी वेळ भूतकाळातच असते. ती वाक्यात सांगितली नाही तर वाचक शोधायला लागतो. 'आधी बदललं होतं' म्हणजे कशाच्या आधी? काहीतरी बिघडायच्या आधी, असं समजून त्या ग्राहकाने रिकामी जागा भरली.

मराठीत 'होता' एवढं मागत नाही. 'मी काल गेले होते', 'तो परवा आला होता' ही वाक्यं एकटी बोलली तरी पूर्ण वाटतात. गोष्ट मागे पडली, आता तो विषय बंद, एवढंच काम तो 'होता' करतो. म्हणून 'होता' दिसला की 'हॅड', अशी जोडी मराठी डोक्यात बसते. ही जोडी शाळेतल्या भाषांतराच्या तासाला पक्की होते आणि पुढे कोणी ती तपासत नाही.

समोर असलेले पर्याय

वरिष्ठांना हवी होती तयार वाक्यं. ठरावीक प्रसंगाला ठरावीक इंग्रजी, चिकटवा आणि पाठवा. मी त्याला विरोध केला. त्यातून भाषा येत नाही असं माझं म्हणणं होतं, आणि ते खरंही आहे, पण त्याबद्दल शेवटी बोलते.

दुसरा मार्ग नेहमीचा: नियम पुन्हा समजावणं आणि रिकाम्या जागा भरायला देणं. तो मी पाचच मिनिटांत सोडला, कारण रिकाम्या जागा त्या बरोबर भरत होत्या. कंसात क्रियापद दिलेलं असलं आणि बाजूला 'यस्टरडे' लिहिलेलं असलं की नियम आठवतो. स्वतःचं वाक्य उभं करताना शेजारी कंस नसतो.

तिसरा मार्ग, त्यांनी पाठवलेली महिनाभरातली पत्रं घ्यायची, त्यातलं प्रत्येक 'हॅव' वेगळं काढायचं आणि प्रत्येकाखाली मनातलं मूळ मराठी वाक्य लिहून घ्यायचं. हा वेळखाऊ होता. पण चूक कुठून येते ते यातूनच दिसणार होतं, म्हणून आम्ही हा घेतला.

पहिला टप्पा, आणि माझी चुकलेली निवड

वाक्यं वेगळी काढल्यावर चार ढीग झाले. पहिल्यात 'असणे'. दुसऱ्यात 'पाठवलं आहे', 'पाठवलं होतं' असे काळ. तिसऱ्यात 'लागणे', म्हणजे 'हॅव टू'. चौथ्यात अगदी थोडी वाक्यं, 'करून घेणे' या अर्थाची.

मी पहिल्या ढिगापासून सुरुवात केली. त्यात 'आय ॲम हॅविंग द फाइल', 'वी आर हॅविंग टू ऑफिसेस', 'ही इज हॅविंग ॲक्सेस' अशी वाक्यं होती. ती कानाला इतकी खुपतात की माझा हात आपोआप तिकडे गेला. यात दोन आठवडे गेले. ते अगदी वाया गेले असं नाही, पण ग्राहकाचा घोळ 'हॅविंग'मुळे झालाच नव्हता. 'आय ॲम हॅविंग द फाइल' वाचून कोणी चुकीचं बटण दाबत नाही, अर्थ नीट पोचतो. खरं नुकसान 'हॅड' करत होतं. जी चूक जास्त दिसते तिच्यामागे मी लागले आणि जी जास्त महाग पडत होती ती तशीच राहिली.

तरी त्या दोन आठवड्यांत एक गोष्ट हाती लागली. मराठीत 'हॅव'ला एकच असा प्रतिशब्द नाही. माझ्याकडे पेन आहे. मला दोन भाऊ आहेत. मला ताप आहे. खोलीला चार खिडक्या आहेत. त्याच्यात धमक आहे. आपण वस्तू, नातं, आजार, भाग, गुण यांच्यासाठी 'कडे', 'ला', 'त' असं वेगवेगळं काही लावतो आणि क्रियापद मात्र 'आहे' एवढंच ठेवतो. इंग्रजी या सगळ्यांना एकाच 'हॅव'मध्ये घालते.

मग 'हॅविंग' येतं कुठून? मराठीत 'माझ्याकडे फाइल असत आहे' असं तर कोणी म्हणत नाही. मला दिसलेलं कारण असं. बाईंच्या मनात आधी 'आहे' येत होतं, 'आहे' म्हणजे 'ॲम', म्हणून 'आय ॲम' लिहून होत होतं. मग मालकी दाखवायला 'हॅव' हवं हे आठवायचं, पण 'ॲम'नंतर 'हॅव' बसत नाही, म्हणून त्याला 'इंग' लागायचं. त्यांना मी वाक्य बोलून लिहायला लावलं तेव्हा ही पायरी-पायरी स्पष्ट दिसली. 'आय ॲम' नंतर पेन क्षणभर थांबायचं.

यावर उपाय सोपा निघाला. 'आहे'ने वाक्य संपत असेल आणि अर्थ मालकीचा असेल तर 'ॲम' लिहायचंच नाही. 'हॅविंग' कुठे चालतं हेही सांगितलं: 'वी आर हॅविंग लंच', 'वी आर हॅविंग अ मीटिंग', 'शी इज हॅविंग ट्रबल विथ द लॉगिन'. इथे 'हॅव' म्हणजे मालकी नाही, काहीतरी चालू आहे. जेवण चालू असतं, बैठक चालू असते. फाइल 'चालू' नसते, ती नुसती असते.

दुसरा टप्पा: 'हॅड'वर बंदी

तिसऱ्या आठवड्यात 'हॅड'कडे वळलो आणि मी एक कडक निर्णय घेतला: दोन आठवडे 'हॅड' लिहायचंच नाही. कालची गोष्ट कालच्या साध्या भूतकाळात. 'आय चेंज्ड द सेटिंग यस्टरडे.' संपलं.

बंदीने 'हॅड' थांबलं, पण गरज थांबली नाही. साधा भूतकाळ बाईंना उघडाबोडका वाटायचा, अपुरा. म्हणून 'हॅड'च्या जागी 'हॅव' आलं: 'आय हॅव सेंट द रिपोर्ट यस्टरडे.' हेही मराठीतून सरळ आलेलं. 'मी काल अहवाल पाठवला आहे' यात मराठीला काहीच वावगं वाटत नाही. इंग्रजीत 'हॅव सेंट'शेजारी 'यस्टरडे' बसत नाही. त्याहून वाईट म्हणजे एका पत्रात 'इफ आय हॅव नोन' आलं. तिथे 'हॅड'च हवं होतं ('माहीत असतं तर'), पण बंदी पाळायची म्हणून त्यांनी ते काढलं. नियम मी दिला होता, त्यांनी तो प्रामाणिकपणे पाळला. चूक माझी.

बंदी दहाव्या दिवशी उठवली.

तिसरा टप्पा: मुठीतलं 'हॅव'

इथे मी व्याकरणाचं पुस्तक बाजूला ठेवून शब्दाचा इतिहास सांगायचं ठरवलं. प्रौढ माणसाला 'असं का' हे कळलं की नियम जास्त टिकतो, हा माझा अनुभव.

'हॅव' हे जुन्या इंग्रजीतलं 'हब्बन', जर्मनमधल्या 'हाबेन'चं भावंड. लॅटिनमध्ये 'हाबेरे' असा अगदी तसाच दिसणारा आणि जवळपास त्याच अर्थाचा शब्द आहे, पण तो याचा नातेवाईक नाही. खरं नातं 'कापेरे'शी, म्हणजे पकडणे. लॅटिनमध्ये जिथे 'क' तिथे इंग्रजीत 'ह' येतो: 'कॉर्नू' आणि 'हॉर्न', 'केंटुम' आणि 'हंड्रेड'. म्हणजे 'हॅव'च्या मुळाशी पकडणं आहे, मुठीत धरणं.

आणि 'आय हॅव रिटन द लेटर' हे रूप आलं कुठून? जुन्या इंग्रजीत रचना होती ती 'माझ्याकडे पत्र लिहिलेलं आहे' या धर्तीची. पत्र मुठीत, लिहिलेल्या स्थितीत. हळूहळू 'रिटन' सरकून 'हॅव'ला चिकटलं आणि 'मी पत्र लिहिलं आहे' असा काळ तयार झाला. मूठ मात्र आत तशीच राहिली.

बाईंनी हे ऐकलं, हाताची मूठ मिटली आणि विचारलं, 'म्हणजे हॅव असेल तर वस्तू आत्ता मुठीत?' हो. 'हॅव' हा शब्द स्वतः वर्तमानकाळातला. पत्र केव्हाही लिहिलेलं असो, ते आत्ता मुठीत आहे. म्हणून शेजारी 'यस्टरडे' खटकतं, कारण मूठ आजची आहे. काल सांगायचं असेल तर मूठ सोडा आणि साधं 'आय सेंट इट यस्टरडे' लिहा. आणि 'हॅड'? तेव्हा मुठीत होतं. ऐकणारा साहजिकच विचारणार, 'तेव्हा' म्हणजे केव्हा, आणि आता मूठ रिकामी का?

मग त्याच लॉगिनच्या वाक्याकडे परत गेलो. 'मी काल सेटिंग बदललं होतं' याची तीन इंग्रजी वाक्यं त्यांनी स्वतः मांडली. 'आय चेंज्ड द सेटिंग यस्टरडे': कालची हकीकत. 'आय हॅव चेंज्ड द सेटिंग': आता बदललेलं आहे, वापरून पाहा. 'आय हॅड चेंज्ड द सेटिंग, बट समवन टर्न्ड इट ऑफ': बदललं होतं, पण कोणीतरी बंद केलं. तिसरं लिहून झाल्यावर त्या गप्प बसल्या. आपण ग्राहकाला नेमकं हे सांगितलं होतं हे त्यांना तेव्हा दिसलं.

मराठीचा आधारही इथे मिळतो, आणि तो मी आधीच घ्यायला हवा होता. 'मी पोचले तेव्हा बैठक सुरू झाली' आणि 'मी पोचले तेव्हा बैठक सुरू झाली होती' यातला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. पहिल्यात मी वेळेवर, दुसऱ्यात मी उशिरा. हा दुसरा 'होती' म्हणजे इंग्रजी 'हॅड'. दोन भूतकाळ आहेत आणि त्यांचा क्रम त्याच्यावाचून कळत नाही. 'मी काल गेले होते' मधला 'होते' मात्र 'हॅड' नव्हे. म्हणून बाईंना एकच प्रश्न स्वतःला विचारायला सांगितला: हा 'होता' काढून टाकला तर मराठी वाक्याचा अर्थ बदलतो का? बदलत नसेल तर इंग्रजीत 'हॅड' नको. ही कसोटी प्रत्येक वाक्याला पुरत नाही, पण पत्रव्यवहाराला पुष्कळ पुरली.

'करून घेणे': थोडं आडवळण

चौथ्या ढिगात वाक्यं कमी होती, पण मुठीमुळे ती आपोआप उलगडली. 'आय हॅव चेक्ड द सर्व्हर' आणि 'आय हॅव द सर्व्हर चेक्ड', शब्द तेच, जागा वेगळी. पहिल्यात तपासलं मी. दुसऱ्यात मी तपासून घेते, हात दुसऱ्याचा. 'आय हॅड द सर्व्हर चेक्ड' म्हणजे तपासून घेतला. जुन्या रचनेसारखाच शब्दक्रम इथे दिसतो.

मराठी यात सैल आहे. 'मी केस कापले' असं आपण बिनदिक्कत म्हणतो, कात्री कोणाच्याही हातात असो. इंग्रजीत 'आय कट माय हेअर' म्हटलं तर आरशासमोर उभं राहून स्वतःच कापले. तिथे 'आय हॅड माय हेअर कट' हवं. माणसाचा उल्लेख करायचा असेल तर 'आय हॅड द इंजिनिअर चेक इट'. इथे 'टू' नाही. 'टू' लावायचं तर क्रियापद 'गेट' घ्यायचं: 'आय गॉट द इंजिनिअर टू चेक इट'. बाई अजूनही इथे 'टू' घालतात.

'हॅव टू'बद्दल फार बोलावं लागलं नाही, ते त्यांना येत होतं. फक्त उच्चार. 'आय हॅव टू फाइल्स' (दोन फाइल्स) मध्ये 'व' स्पष्ट येतो, पण 'आय हॅव टू गो' बोलताना तो 'हॅफ्टू' होतो, कारण पुढचा 'ट' अघोष आहे, म्हणजे त्याच्या उच्चारात घशात कंप होत नाही. फोनवर हा फरक न कळल्यामुळे त्यांनी एकदा 'जावं लागेल'च्या जागी 'दोन' ऐकलं होतं.

परिणाम

आठव्या आठवड्याअखेर आम्ही पुन्हा पाठवलेली पत्रं काढली. अनाठायी 'हॅड' जवळपास गेलं होतं. 'हॅव' आणि 'यस्टरडे' एकत्र अधूनमधून येतं, विशेषतः घाईत. लेखनातलं 'हॅविंग' थांबलं, बोलण्यातलं थांबलेलं नाही. वरिष्ठांना हवी होती ती गोष्ट, म्हणजे ग्राहकाचा उलट प्रश्न येऊ नये, ती साधली. ज्या ग्राहकापासून हे सुरू झालं त्याचं प्रकरण बाईंनी स्वतः दोन ओळींत मिटवलं: 'द सेटिंग हॅज बीन ऑन सिन्स नाइन धिस मॉर्निंग. आय टेस्टेड इट ॲट टेन.' मूठ कुठे मिटलेली आणि कुठे सोडलेली, दोन्ही जागच्या जागी.

पुन्हा करायचं झालं तर

'हॅड'पासून सुरुवात करीन. जी चूक समोरच्याला चुकीचं काम करायला लावते ती आधी, कानाला खुपणारी नंतर. बंदी घालणार नाही. घातलीच तर 'हॅड'ऐवजी नेमकं काय लिहायचं ते त्याच दिवशी देईन.

तयार वाक्यांना विरोध करणं हीही माझी घाई होती. शिकायला आठ आठवडे लागले, आणि त्या काळात ग्राहक रोज पत्रं वाचत होते. 'काय बदललं, केव्हा बदललं, आत्ता स्थिती काय' अशी तीन ओळींची चौकट पहिल्याच दिवशी दिली असती तर मधले दोन-तीन गोंधळ टळले असते. शिकणं त्यामागे चालू राहिलंच असतं.

आणि वरिष्ठांशी सुरुवातीलाच बोलायला हवं होतं. तक्रार वर गेली तेव्हा 'इंग्रजी कच्चं' असा शिक्का बाईंवर बसला. त्यांचं इंग्रजी कच्चं नव्हतं. एक मराठी 'होता' इंग्रजीत चुकीच्या जागी बसत होता. यातला फरक त्यांच्या नोकरीच्या दृष्टीने मोठा आहे, आणि तो सांगायला मी दोन महिने लावले.

शेवटच्या तासाला त्यांनी एका पत्राचा मसुदा दाखवला. त्यात ग्राहकाला लिहिलं होतं, 'यू हॅड बेटर रिस्टार्ट द सिस्टिम.' त्यांना म्हणायचं होतं, 'रीस्टार्ट केलंत तर बरं.' त्यांनीच विचारलं, 'मॅडम, इथे मुठीत काय आहे?' इथे 'हॅड' भूतकाळाचं नाहीच. 'हॅव'चा 'मानणे, समजणे' असाही एक जुना अर्थ होता, आणि 'हॅड बेटर' म्हणजे 'बरं मानावं' असं गोठलेलं रूप. पण आज ते कानाला इशाऱ्यासारखं लागतं, मागे न बोललेलं 'नाहीतर…' असतं. आईने मुलाला दटावावं तसं. त्यांनी ते खोडलं, वर 'प्लीज रिस्टार्ट द सिस्टिम' लिहिलं आणि पत्र पाठवून दिलं.